तव्याच्या काठावर नाव

सेलू, जि. वर्धा
९ नोव्हेंबर १९९७

चि. भूपेंद्र,
अनेक आशीर्वाद. दिवाळीचं तुझं कार्ड मिळालं. त्यावरची छापील सही पाहून तुझी वहिनी म्हणाली, "भाऊजी आता पक्के पुणेकर झाले, सही बी बाजारातून आणतात." मी तुझी बाजू घेतली नाही. सख्खा मावसभाऊ झाला म्हणून काय झालं?

कामाचं लिहितो. साफसफाईत माळ्यावरची ट्रंक उतरवली. वॉल्टरसाहेबाची. आश्रमात सूत कातायला शिकायला आलेला तो अमेरिकेतला काळा, उंच माणूस तुला आठवतच असेल. त्याचा रेकॉर्डप्लेअर मी दुरुस्त करून दिला, तर जाताना सगळी ट्रंकच माझ्या दुकानात ठेवून गेला. तू तेव्हा वर्ध्याला कॉलेजात होतास. रविवारी सायकल हाणत यायचास आणि आपण दोघं, शब्द एक कळत नसताना, त्याच्या लोकांची ती सोल गाणी ऐकून डोळे पुसायचो. आई विचारायची, "कोन मेलं रे तिकडं?" पुढे नागपूरच्या रेल्वे क्वार्टरांतून, ऑस्ट्रेलियाला निघालेल्या अँग्लो-इंडियन कुटुंबांकडून मी असलेच आणखी तवे वेचत गेलो. तू रेकॉर्ड म्हण, एलपी म्हण, सेलूत त्यांना तवेच म्हणतात. आता ट्रंकेशिवाय तीन पेट्या भरल्या आहेत.

त्यात एक तवा आहे अर्लीन टॅटम नावाच्या बाईचा. निळं लेबल, डेट्रॉइटची कंपनी. लेबलाजवळच्या कोऱ्या पट्ट्यावर कोणीतरी सुईनं हातानं दोन अक्षरं कोरली आहेत. तशी अक्षरं पहिल्या छपाईवर असतात, असं तू एकदा म्हणाला होतास. तुझ्याकडे परदेशी याद्या येतात. बघून कळव.

विचारण्याचं कारण हर्षा. लहानपणी तिला सांधे धरून ताप यायचा, त्या तापानं हृदयाची एक झडप आखडली आहे. जिना चढली की ओठ निळसर पडतात. नागपूरचे डॉक्टर म्हणतात, लगेच घाई नाही, पण फार लांबवू नका, ऑपरेशन करावंच लागेल. पोरगी मात्र थट्टेत म्हणते, "बाबा, माझ्या दिलाचा बी तवा घासला वाटते." मी हसतो आणि रात्री उठून तिचा श्वास ऐकून येतो. दुकानात आता रेडिओ दुरुस्तीला कोणी आणत नाही. हे तवे तेवढे हाताशी आहेत.

तुझा,
प्रभाकर

पुणे
२ डिसेंबर १९९७

प्रिय दादा,
सा. न. तुझं पत्र वाचलं आणि बँकेत अर्धी रजा टाकून सरळ कॅम्पात गेलो. तिथे माझा एक पारशी मित्र आहे, त्याच्याकडे इंग्लंड-जपानच्या किमतीची पुस्तकं असतात. दोघांनी मिळून पाहिलं. दादा, खुर्ची धरून बस.

त्या कंपनीचं गोदाम आगीत गेलं. अर्लीन टॅटमची ती एकच एलपी निघाली होती आणि तिच्या बोटांवर मोजण्याइतक्या प्रती उरल्या आहेत. ती कोरलेली अक्षरं पहिल्या छपाईचीच. परदेशात लोक तिच्यासाठी वेडे झालेत. ती एकटी विकलीस तरी हर्षाचं ऑपरेशन होईल आणि वर लग्नही थाटात होईल. पेट्यांतलं बाकीचं वेगळंच.

आता ऐक. रेकॉर्डी उभ्या ठेव, एकावर एक रचू नकोस. पत्र्याखाली ठेवू नकोस, सेलूच्या उन्हात पापडासारख्या वाकतील. कव्हर फाटकं असलं तरी टाकायचं नाही, अर्धी किंमत त्याचीच असते. आणि वाजवू तर मुळीच नकोस. एक ओरखडा पडला की मातीमोल. विकायची वेळ आली की मला सांग, मी स्वतः येईन.

खरं सांगू? तुझा हेवा वाटला. पंचवीस वर्षं मी गोळा करतोय आणि असली वस्तू पडली कुठे, तर तुझ्या माळ्यावर! मला ती एकदा हातात घेऊन बघायची आहे.

तुझा,
भूपेंद्र

सेलू
१५ मार्च १९९८

चि. भूपेंद्र,
आशीर्वाद. तुझ्या पत्रानं घरात दिवाळी झाली. कौशल्येला आकडा काही सांगितला नाही, नाहीतर आळीभर होईल. एवढंच म्हटलं, "तुझ्या लेकीच्या आपरेशनले हे तवे कामी येतीन." तिनं तेव्हाच ट्रंकेला हळदकुंकू वाहिलं.

डॉक्टर म्हणाले, पावसाळा गेला की तारीख ठरवू. तेव्हा विकू. तोवर मला ऐकू दे. नाकावर राग घेऊ नकोस, काल मी ती वाजवली. एकच बाजू. हर्षा शेजारी बसून होती, म्हणाली, "बाबा, ही बाई रडून राह्यली का देवाशी भांडून राह्यली?" मी म्हटलं, दोन्ही.

यातलं तुझ्याशिवाय कोणाला काही कळत नाही. तुझ्या वहिनीला मी बजावून ठेवलंय की तव्यांचं काही असलं तर भूपेंद्रला विचारायचं, तो म्हणेल तसं करायचं.

ऊन आत्ताच चटके देऊ लागलंय. पुढे काय होईल कोण जाणे.

तुझा,
प्रभाकर

सेलू
२० जून १९९८

ती. भूपेंद्रकाकांस,
हर्षाचा सा. न. आई सांगते आहे, मी लिहिते आहे.

बाबांना जाऊन महिना होत आला. तार मिळाली असेल, तुम्हाला रजा नव्हती हेही तुमच्या बँकेतून कळलं. भर दुपारी वर्ध्याहून सामान घेऊन आले, ओट्यावर बसले, पाणी मागितलं. मी पेला घेऊन येईपर्यंत आडवे झाले होते. ऊन लागलं म्हणाले डॉक्टर. त्या दिवशी आमच्याकडे चार माणसं गेली म्हणे उन्हानं.

दुकानातली तुमची सगळी पत्रं आईनं त्यांच्यासोबत चितेवर ठेवली. म्हणाली, "भावाभावाचं बोलणं हाय, त्याइच्या संगंच जाऊ दे."

आईला तुम्हाला एकच विचारायचं आहे. बाबा म्हणायचे की माझ्या ऑपरेशनला हे तवे कामी येतील. किती आणि कसे ते काही सांगितलं नाही. खरंच त्यांची किंमत येते का? ती म्हणते, भाऊजी सांगतील तेच खरं. सध्या मला दोन उशा घेऊन झोपावं लागतं, बाकी ठीक. वाणी शाबूत आहे, सगळ्या घराला त्याचा त्रास आहे.

आपली,
हर्षा

पुणे
११ ऑगस्ट १९९८

श्रीमती कौशल्यावहिनींस,
सा. न. उत्तराला उशीर झाला. चार वेळा लिहायला बसलो, पण दादा नाही या विचारानं हात चालेना.

तुम्ही विचारलंत तर स्पष्टच सांगायला हवं. तुम्हाला खोटी आशा दाखवणं पाप होईल. दादाचा त्या रेकॉर्डींवर जीव होता, म्हणून तो तसं बोलायचा. मीही त्याचं मन मोडलं नाही. बाजारात त्यांना काही मोल नाही. आता कॅसेट आल्या, सीडी आल्या. जुन्या इंग्रजी रेकॉर्डी भंगारवालाही किलोनं घेईल की नाही कोण जाणे. दादाची आठवण एवढीच त्यांची किंमत.

कोणी विचारत आलं तर दाखवू नका. उगाच फसवतील. उन्हाळ्यात मी स्वतः येतो आणि त्या घेऊन जातो, तुमची जागा तरी मोकळी होईल.

हर्षाला जपा. ऑपरेशनचं देव काही ना काही करेलच.

आपला,
भूपेंद्र

सेलू
६ डिसेंबर १९९८

ती. काकांस,
सा. न. तुमचं पत्र सकाळीच आईला वाचून दाखवलं. संध्याकाळी म्हणाली, "बरं झालं, खरं सांगतलं. दुसरं कोणी असतं तं गोड बोलून झुलवलं असतं." मग ट्रंकेवरचं हळदकुंकू ओल्या फडक्यानं पुसून टाकलं.

मलाही आशा होती, काका. बाबांच्या भरवशावर मी मनातल्या मनात ऑपरेशन होऊन बरीसुद्धा झाले होते, एम.ए.ला नावही घातलं होतं. असो.

परवा पिपरी मेघेहून बंडूजी नावाचे निवृत्त रेल्वे गार्ड आले होते. त्यांना जुन्या रेकॉर्डींचा नाद. बाबांचं नाव ऐकून आले, नुसतं बघू द्या म्हणाले. आईनं चहा दिला, पण ट्रंक उघडली नाही. ते जाताना म्हणत होते, "बाई, कोन्या जाणकाराले दाखवा, फुकट नका घालवू." आई म्हणाली, "आमच्या घरचाच जाणकार हाय पुण्याले."

तुम्ही उन्हाळ्यात या. आंबे खाऊ आणि मी तुम्हाला जिना चढायच्या शर्यतीत हरू देईन.

आपली,
हर्षा

पुणे
१० जानेवारी १९९९

श्रीमती कौशल्यावहिनींस,
सा. न. त्या गार्डाला परत पाठवलंत ते उत्तम केलंत. अशा लोकांपासून सावध राहा.

आमच्या मयुरीचं लग्न मे महिन्यात ठरलं आहे, त्यामुळे उन्हाळ्यात येणं जमेलसं दिसत नाही. लग्नाची गडबड उरकली की पावसाळ्यात नक्की येतो. तोवर ट्रंक आहे तशी राहू द्या.

आपला,
भूपेंद्र

सेलू
३ जून १९९९

ती. काकांस,
सा. न. मयुरीताईचं लग्न छान झालं असेल. मला प्रवासाला मनाई आहे, आणि मला टाकून आई कशी येणार?

बाबांचं वर्षश्राद्ध झालं. आपल्याकडे त्या दिवशी नाव टाकलेली भांडी वाटतात, तुम्हाला माहीतच आहे. यंदा स्टीलचे डबे घ्यायची आमची ऐपत नव्हती. आई दोन दिवस विचारात होती. मग म्हणाली, "त्याइचा जीव डब्यात होता का तव्यात? भाऊजी म्हणतात, आठवण हेच त्याइचं मोल. मंग आठवण वाटू." ट्रंक आणि तिन्ही पेट्या बैलगाडीत घालून भांड्याच्या दुकानात नेल्या. तिथे नाव टाकणारा बसतो, विजेची सुई घेऊन. तो आधी नाही म्हणत होता. आई म्हणाली, गोऱ्या लोकांनी यांच्यावर काही ना काही कोरलंच आहे, आपण कोरलं तर काय बिघडते? ताटाच्या काठाला टाकतात तसं प्रत्येक तव्याच्या काठाला गोल टाकून घेतलं, कै. प्रभाकररावांच्या स्मरणार्थ. जुनी कव्हरं कसर लागलेली होती, ती बंबात गेली. नव्या प्लास्टिकच्या पिशव्या आणल्या. पंगतीतून उठणाऱ्या प्रत्येकाच्या हातात आईनं एकेक तवा दिला. नाचणगावच्या आत्यापासून आमच्या दूधवाल्यापर्यंत. काहींनी कपाळाला लावला.

तुम्ही बाबांना सगळ्यांत जवळचे, म्हणून आईनं निळ्या लेबलाचा, बाबांच्या आवडीचा तवा तुमच्यासाठी वेगळा ठेवला. त्यावर स्मरणार्थच्या खाली तुमचंही नाव आहे. पार्सलानं पाठवला आहे.

मी अलीकडे घरातच असते. पायांना सूज येते. डॉक्टर म्हणतात, आता थांबू नका. आई दुकानाला गिऱ्हाईक शोधते आहे.

आपली,
हर्षा

पुणे
१९ जून १९९९

कौशल्यावहिनी,
पार्सल उघडलं. हे काय करून ठेवलंत? रेकॉर्ड म्हणजे ताट-वाटी आहे का, काठाला नाव टाकायला? सुई पहिल्या गाण्यावरून आरपार गेली आहे, दोन्ही बाजूंनी! कव्हर कुठे आहे? बंबात घातलंत? बंबात?

अहो, साऱ्या जगात मोजक्या उरल्या होत्या, त्यांतली ही एक. हिच्यासाठी लोक घरं विकतात. ह्या एका रेकॉर्डीत हर्षाचं ऑपरेशन झालं असतं आणि वर उरलं असतं! दादाला मी सत्त्याण्णव सालीच तसं लिहिलं होतं. आणि तुम्ही ती दूधवाल्याच्या पंगतीला बसवलीत! बाकीच्या कोणाकोणाला दिल्या? निरोप धाडून सगळ्या परत मागवा. ट्रंक आहे तशी ठेवा, असं मी बजावलं होतं ना? मी आलो असतो, सगळं व्यवस्थित केलं असतं. अडाणीपणालाही काही हद्द असते.

भूपेंद्र

सेलू
३० जून १९९९

काका,
पोस्टमननं पत्र दिलं तेव्हा आई गहू निवडत होती. म्हणाली, "वाच वं." मी मोठ्यानं वाचायला लागले आणि पहिल्या ओळीलाच थांबले. तिनं वर पाहिलं. "काऊन थांबली? दम लागला का?" मी हो म्हटलं, पाणी प्यायले. सगळं पत्र मनात वाचून काढलं. मग तुमच्याच कागदावर डोळे ठेवून वाचलं, की वहिनी, पार्सल मिळालं, दादाचं नाव पाहून डोळे भरून आले, तुम्ही फार चांगलं केलंत. इतकं सफाईनं खोटं मला बोलता येतं हे मला माहीत नव्हतं. घराण्यातच असेल.

आईनं तो कागद माझ्या हातून घेतला आणि, चष्मा जवळ नव्हता म्हणून, न वाचताच कपाळाला लावला. पुढे ती देवळात गेल्यावर मी तो चुलीत घातला.

तुम्हाला तो तवा हवा होता. मागायचा होता, काका. नाहीतर तो विकून माझं ऑपरेशन होऊ द्यायचं आणि बाकीच्या तीन पेट्या मागायच्या, आईनं गाडीभाडं देऊन पोचवल्या असत्या. तुम्ही बाबांचे भाऊ ना.

मी फार भली आहे असं समजू नका. मला जगायचं आहे. मी बावीस वर्षांची आहे आणि तुमच्यावर इतकी चिडले आहे की छातीत धडधडतं, आणि तेही मला परवडत नाही. पण आई त्या दुकानात दिवसभर बसली होती. एकेक तवा पदरानं पुसून त्या माणसाच्या हातात देत होती. आपण काय कोरून घेतलं हे तिला कळलं, तर ती माझ्याआधी जाईल. म्हणून हे तिला कधी कळता कामा नये. मी असताना नाही आणि मी नसतानाही नाही.

माफी मागू नका, ती मला वाचून दाखवावी लागेल. आईला एक साधं पत्र टाका, की तवा लावला, आवाज छान येतो. खोटं बोलायचंच आहे, ते तुम्हाला जमतं.

हर्षा

पुणे
१५ जुलै १९९९

श्रीमती कौशल्यावहिनींस,
सा. न. दादाची रेकॉर्ड काल लावली. आवाज स्वच्छ येतो. नाव टाकल्यानं काही बिघडलेलं नाही. दादा शेजारी बसल्यासारखं वाटलं.

ऑपरेशनला हातभार लावायचं मनात होतं, पण मयुरीच्या लग्नात हात फार आखडले. पुढे बघू.

हर्षाला आशीर्वाद.

भूपेंद्र

सेलू
२१ फेब्रुवारी २०००

भूपेंद्र भाऊजींले कौशल्येचा नमस्कार.
हे पत्र मीच लिहून राह्यली. मले लिहिता येते, पोरगी लिहे म्हणून कधी हाती पेन धरला नाई. चुकलंमाकलं समजून घेजा.

हर्षा गेली. दुकान विकलं, पाटल्या मोडल्या, मंग कुठं जानेवारीत तिले नागपूरले नेलं. आपरेशन झालं. शुद्धीवर आली, माहा हात धरला, म्हणे, "आई, आता जिन्यावर तूच मांगं राहशीन." मंग ताप भरला तो उतरलाच नाई. मोठे डाक्टर म्हणाले, "बाई, साल-दीड साल आधी काऊन नाई आणलं? दिल पार थकून गेलतं पोरीचं." मी म्हटलं, साहेब, आधी आमच्यापाशी होतं काय?

दुखवट्याले ते पिपरीचे बंडूजी आलते. आमच्या दूधवाल्याकडचा तवा त्याइनं पाह्यला म्हणे. बसल्या बसल्या बोलून गेले, की बाई, तुमच्या पेट्यांत लय पैसा होता, पोरीचं आपरेशन कवाच झालं असतं. मी त्याइले दारातून उठवलं. म्हटलं, आमच्या भाऊजीनं लिहून कळवलं हाय, त्यात काई नव्हतं. माणसानं मेलेल्याच्या घरी येऊन असं बोलू नाई.

पण त्या दिसापासून डोळ्याले डोळा लागत नाई, भाऊजी. त्या नाव टाकणाऱ्याची सुई कानात घरघरते. हे गेल्यावर तुमचं आलेलं ते पहिलं पत्र हर्षानं कुठं ठेवलं, सापडत नाई. तुम्ही एवढंच एकडाव पुन्हा लिहून द्या, की त्या तव्यांत काई नव्हतं. तुमच्या अक्षरात. मी ते उशाशी ठेवीन.

कौशल्या

पुणे
२७ फेब्रुवारी २०००

कौशल्यावहिनी,
त्या तव्यांत काही नव्हतं. मी जाणकार आहे, माझ्यावर विश्वास ठेवा. तुम्ही तुमच्याजवळ होतं ते सगळं लेकीसाठी लावलंत.

भूपेंद्र